ओवी लिहिणारे फादर

मराठीच्या तासाला फादर स्टीफन्स यांच्या ओव्या आल्या की वर्गातल्या आम्हा ख्रिस्ती मुलांची मान थोडी ताठ होत असे. आमच्या घरी कादोडी आणि शाळेत मराठी. पुढे मुंबईला नोकरीत मात्र एक प्रश्न वारंवार ऐकावा लागला : "तुम्ही ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं चांगलं कसं?" तेव्हा मी नुसता हसायचो. मेळाव्याच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर मांडतो आहे.

थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यात उतरले, तेव्हा वयाची तिशी गाठलेली होती. त्यानंतर १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत चाळीस वर्षे ते इकडेच राहिले. त्यांचा बहुतेक काळ साष्टी तालुक्यात गेला. तिथल्या लोकांकडून ते मराठी आणि कोकणी शिकले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० साली रायतूर येथे छापले गेले.

तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळे पाडली होती आणि नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पोथ्या बंद केल्या होत्या. पुराण ऐकत वाढलेल्या माणसांच्या घरातले पुराणच गेले. ग्रंथाच्या आरंभीच एक जण फादरांना हे गाऱ्हाणे सांगतो आणि जुन्याच्या जागी दुसरे पुराण मागतो. ज्या सत्तेने ही पोकळी निर्माण केली, तिच्याच आश्रयाने फादर आले होते, हे आपण विसरू नये. पण त्यांनी उत्तर दिले ते लोकांच्या छंदात. जवळजवळ ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्यात त्यांनी फुले, पक्षी, वृक्ष यांच्या उपमा देऊन मराठीची थोरवी गायिली. पुस्तक देशी लिपीत छापावे ही त्यांची इच्छा होती, परंतु ते रोमन अक्षरांतच निघाले. त्यांच्यामागून एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच फादरांनीही सेंट पीटर यांच्यावर ओवीबद्ध पुराण रचले.

१६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांना तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्यास आणि आपली भाषा सोडण्यास सांगितले. तरीही ख्रिस्तपुराण टिकले, कारण ते भाविकांच्या हस्तलिखितांत आणि गळ्यात होते. मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ते सोबत नेले. तिथेच १९०७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली आणि १९५६ मध्ये पुण्यात ते देवनागरीत छापले गेले.

हीच वाट पुढे आपल्या वसईत आली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे 'सुवार्ता' मासिक चालवले, हरित वसईच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले आणि 'सुबोध बायबल' त्यांनी सोप्या मराठीत आणले. त्यातील 'नवा करार' या भागाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांची निवड जाहीर होताच एका धर्मगुरूला हा मान कशासाठी, असा विरोध झाला, धमक्याही आल्या. पाठीच्या दुखण्याने बेजार असूनही फादर उस्मानाबादला गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते आपल्याला सोडून गेले.

मला नोकरीत विचारलेला प्रश्न आणि फादरांच्या निवडीला झालेला विरोध, दोन्हींचे मूळ एकच : मराठी कोणाची? स्टीफन्स परके होते, त्यांना ती शिकावी लागली. आपल्याला ती शाळेच्या बाकावर मिळाली, आपल्या गुरुजनांनी ती हाताला धरून गिरवून घेतली. आता कोणी तो प्रश्न विचारला तर मी हसून सोडत नाही. चारशे वर्षांचा हा हिशेब सांगतो, आणि शेवटी आपल्या शाळेचे नाव घेतो.