बुद्धिमापन : पृ. ४२वरील तळटीप

* 'बुद्धीचा आकडा' (बुद्ध्यांक) : हा शब्द लेखक सरसकट वापरतात, म्हणून थोडा खुलासा. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी चाचणी तयार केली ती मागे पडणाऱ्या मुलांना वेळीच मदत मिळावी म्हणून. हुशार मुले निवडणे हा तिचा हेतूच नव्हता. स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी १९१६मध्ये तिला नवे रूप दिले आणि १९२१पासून कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार कुशाग्र मुलांचा अभ्यास आरंभला. त्या निवडीत विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ ही दोन मुले बसली नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आकड्यावर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी, असे मला कळकळीने वाटते.

आपल्याकडे वि. वि. कामत यांनी धारवाडला बिनेची चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली. तिची प्रशाला १९६९मध्ये सुरू झाली. तिथल्या निवडचाचण्यांना मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या मांडणीचा आधार होता. गिलफर्ड बुद्धी एकच मानत नाहीत. विटेचे किती उपयोग सुचतात, असे ते विचारत. भिंत सोडून उशाला, वजनाला, दाराला अडसर म्हणून वीट लावणारे मूल त्यांच्या लेखी वेगळ्याच अर्थाने हुशार असते. मूळ मजकुरातला 'आकडा' मात्र १९१६च्या, म्हणजे टर्मन यांच्या चाचणीच्या अर्थाने वाचावा. — संपा.