कर्करोगाच्या कपाटातले औषध एटापल्लीत

एटापल्ली तालुक्यातल्या माडिया गावांत ‘सिकलसेल’ काय हे आता फोड करून सांगावे लागत नाही. थंडी पडली, ताप आला की पोराचे हातपाय ठणकू लागतात. विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. या दुखण्यावर सरकारी दवाखान्यातून मिळणारी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल मुळात सिकलसेलसाठी जन्मलीच नव्हती.

1869 साली ती जर्मनीत तयार झाली, निव्वळ एक रसायन म्हणून. पुढे ती पांढऱ्या पेशी घटवते हे लक्षात आले आणि 1967 मध्ये अमेरिकेत तिला कर्करोगावरचे औषध म्हणून मान्यता मिळाली.

सिकलसेलचा धागा वेगळीकडून आला. सिकलसेल असूनही तान्ह्या बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत, हे ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्ये नोंदवले. कारण बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन असते. ते बनवणारी जनुके जन्मानंतर काही महिन्यांत गप्प होतात. पण ती पुसली जात नाहीत. मला या कथेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. 1984 मध्ये हायड्रॉक्सीयुरियाने रुग्णांच्या रक्तात ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढलेले दिसले.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हेच चित्र उलटे. माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना 1965 मध्ये त्या गाठींत गर्भाच्या आतड्यातले एक प्रथिन सापडले, सीईए. शस्त्रक्रियेनंतर ते रक्तात वाढू लागले, तर आजार परतल्याची शंका येते. तिथे गर्भातले जनुक जागे होणे हा इशारा, इथे तोच उपचार.

सिकलसेलवर हायड्रॉक्सीयुरिया देऊन पाहणाऱ्या 1995 च्या अमेरिकी चाचणीत 299 प्रौढ रुग्ण होते. वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले. मात्र दर दोन आठवड्यांनी रक्त तपासून मात्रा वाढवत न्यायची होती. आतल्या गावातून एटापल्ली गाठण्यातच ज्यांचा दिवस मोडतो, त्यांना हे कसे झेपणार? म्हणून नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांचा 2012 चा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. 60 मुले, दर किलो वजनाला रोज 10 मिलिग्रॅम, मात्रा कायम. तरीही झटके घटले, रक्त चढवण्याची वेळही कमी आली.

रक्ततपासणी मात्र पूर्ण सुटत नाही. पांढऱ्या पेशी फार उतरल्या तर औषध थांबवावे लागते. आणि कॅप्सूल बंद पडली की गर्भातले हिमोग्लोबिनही उतरते. पावसाळ्यात नाले भरून रस्ते तुटण्याआधी औषधाचा साठा आणि तपासणीची सोय, दोन्ही या गावांजवळ पोचायलाच हवीत.