घड्याळांतील गांव

आमच्या भाच्यानें अमेरिकेहून आम्हांस एक मनगटी घड्याळ पाठविलें. रेडिओच्या लहरींवरून रोज रात्रीं आपली वेळ आपणच दुरुस्त करून घेण्याची विद्या त्यास अवगत आहे. पेटींत माहितीपत्रक मात्र नव्हतें. मुंबईंत आमच्या घरीं सकाळचे आठ वाजले असतां तें आदल्या रात्रीचे साडेनऊ दाखवीत होतें. सेकंदाचाही फरक न ठेवणाऱ्या यंत्राची ही साडेदहा तासांची चूक पाहून घरांतील मंडळींची चांगलीच करमणूक झाली.

वास्तविक घड्याळ चुकलें नव्हतें. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत फोर्ट कॉलिन्स येथें एक प्रक्षेपण केंद्र आहे. तेथून १९६३ पासून ६० किलोहर्ट्झच्या दीर्घ लहरींवर वेळेचे संकेत निघत आले आहेत. हें केंद्र न्यूयॉर्ककरास एक वेळ आणि सॅन फ्रान्सिस्कोकरास दुसरी, असें सांगत नाहीं. सर्वांस तें एकच जागतिक वेळ कळवितें. त्या वेळेंत किती तास मिळवावयाचे किंवा वजा करावयाचे, हें घड्याळास त्याच्या धन्यानेंच सांगावें लागतें. क्षण आकाशांतून येतो. गांव कोणतें, हें मनुष्यानें सांगावयाचें.

तें कसें सांगावें, हें आम्ही चाचपडतच शिकलों. कडेची एक कळ कांहीं क्षण दाबून धरली, तेव्हां एका शहराचें नांव तीन रोमन अक्षरांत लुकलुकूं लागलें. दुसरी कळ दाबावी तसतशीं शहरें पुढें सरकूं लागलीं. लंडन, पॅरिस, अथेन्स अशीं नांवें बदलतांना तासांचा आंकडा बदले, मिनिटें जागचीं हलत नसत. तेहरान, काबूल अशा थोड्या नांवांशीं मात्र मिनिटेंही अर्ध्या तासानें सरकलीं. कराचीनंतर दिल्ली आली, आणि भिंतीवरील घड्याळाशीं मेळ बसला. मुंबईचें नांव त्या यादींत नव्हतेंच! तेव्हां मुंबईकराच्या मनगटावर दिल्ली बांधून आम्ही मोकळे झालों.

आमच्या आजोबांच्या पिढीस ही गोष्ट इतकी सोपी वाटली नसती. सूर्य ज्या गांवीं माथ्यावर येईल त्या गांवीं तेव्हां दुपारचे बारा, हा पूर्वीचा न्याय. त्या हिशेबानें मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढें ४ तास ५१ मिनिटें, मद्रासची ५ तास २१ मिनिटें, आणि कलकत्त्याची सुमारें ५ तास ५३ मिनिटें. आगगाडी व तार आल्यावर ही विविधता गैरसोयीची झाली, म्हणून रेल्वेनें मद्रासची वेळ पत्करली. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं तीच वेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांस लावून पाहिली. परंतु नगरवासीयांच्या विरोधामुळें दोन वर्षांत तो बेत सोडून द्यावा लागला.

पुढें १ जानेवारी १९०६ रोजीं ८२॥ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली, ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढची प्रमाणवेळ सरकारनें अमलांत आणली. मुंबईचें घड्याळ त्यामुळें एकदम सुमारें ३९ मिनिटें पुढें जाणार होतें. श्रीमंतास ती आंकड्यांची अदलाबदल. गिरणीकामगारास तसें नव्हतें. सूर्य कांहीं सरकारी हुकुमानें लवकर उगवत नाहीं. भोंगा पूर्वीच्याच आंकड्यावर वाजला, तर जानेवारीच्या अंधारांत त्यास ३९ मिनिटें आधीं चाळींतून बाहेर पडणें भाग होतें. त्या महिन्यांत कित्येक हजार कामगारांनीं माग बंद ठेवले, गिरण्यांवर दगड फेकले. शहरांतील पंधरा हजारांहून अधिक लोकांनीं अर्जांवर सह्या केल्या. नगरपालिकेनेंही आपल्या घड्याळांस मुंबईची वेळच पुन्हा लावली, आणि पुढें चार दशकांहून अधिक काळ एकाच शहरांत दोन वेळा नांदल्या. कोणी भेटीची वेळ सांगितली कीं ‘मुंबई टाइम कीं स्टँडर्ड?’ असा प्रश्न ओघानेंच येई.

हा हट्ट वेडेपणाचा होता काय? व्यवहाराच्या दृष्टीनें प्रमाणवेळेचा पक्ष बळकट होता, हें आम्हांस मान्य आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या गाड्या गांवोगांवच्या बारांवर चालणें शक्य नव्हतें. परंतु भांडण केवळ मिनिटांचें नव्हतें. बंगालची फाळणी होऊन तीनच महिने लोटले होते. आपल्या अंगणांतील प्रहर परक्यानें न विचारतां बदलावा, ही गोष्ट लोकांस सलली. स्वराज्य आल्यावर तीच वेळ तेवढीच पुढें राहिली, आणि मुंबईनेंही यथावकाश ती आपली म्हटली. वेळ बदलली नाहीं. ती ठरविणारा बदलला.

आमच्या घड्याळास येथें फोर्ट कॉलिन्सची हांक ऐकूं येत नाहीं. तें आतां साध्या घड्याळाप्रमाणें आपल्याच स्फटिकाच्या स्पंदनांवर चालतें, आणि महिन्याकांठीं त्याचे कांहीं सेकंद आम्हांसच दुरुस्त करावे लागतात. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. दिल्लीचीं तीन अक्षरें मनगटावर पाहतांना एवढेंच मनांत येतें कीं, आम्हीं दोन कळा दाबून जें क्षणांत उरकलें, त्यासाठीं या शहरानें जवळजवळ अर्धें शतक वाद घातला होता.