वही, तराजू आणि गहाणखत : सर छोटूराम यांचे कायदेमंडळातील कार्य

पंजाबच्या राजकीय इतिहासात ‘जमीनदार’ हा शब्द ज्या अर्थाने येतो, तो अर्थ मराठी वाचकाच्या मनात सहसा उमटत नाही. कारण बंगाल किंवा अवधमधील शेकडो गावांच्या सारावसुलीचा धनी असा तेथे त्याचा अर्थ नसून, स्वतःच्या नावावर जमीन असलेला आणि सरकारात सारा भरणारा कोणताही शेतकरी, मग त्याची जमीन पाच बिघे का असेना, पंजाबात जमीनदारच म्हणवला जातो. हा अर्थ ध्यानात ठेवला नाही, तर लाहोरच्या कायदेमंडळात दोन दशकांहून अधिक काळ जमीनदारांची बाजू मांडणारे सर छोटूराम हे बड्या वतनदारांचे वकील होते, असा समज होण्याचा धोका आहे. प्रत्यक्षात त्यांच्या कायद्यांचा रोख अगदी साध्या वस्तूंवर होता. सावकाराची वही, आडत्याचा तराजू आणि तिजोरीत पडून राहिलेले गहाणखत या तीन वस्तूंवर खेड्याचे भवितव्य ठरते, हे त्यांनी ओळखले होते आणि त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल त्या ओळखीत आहे.

ज्या परिस्थितीतून हे राजकारण उभे राहिले, ती इंग्रजी अंमलातच तयार झाली होती. सारा ठरलेल्या तारखेला रोखीने भरावा लागे, पीक मात्र पावसावर अवलंबून असे. जमिनीवर वैयक्तिक मालकी आल्यामुळे आणि कालव्यांमुळे तिची किंमत वाढल्यामुळे ती तारण ठेवून पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे कर्ज मिळू लागले. आणि ते थकले की दिवाणी न्यायालय कागद पाहून हुकूमनामा देई. दख्खनमध्ये हेच दुखणे १८७५ च्या दंग्यांत उफाळून आले आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पंजाबात सरकारची चिंता अधिक गंभीर होती, कारण लष्करातील भरती त्याच शेतकरी वर्गातून होत असे. म्हणून १९०० साली पंजाब जमीन हस्तांतरण कायदा करण्यात आला. या कायद्याने काही जाती ‘शेतकरी जमाती’ म्हणून जाहीर केल्या आणि त्यांची जमीन त्या यादीबाहेरच्या माणसाला सरकारी परवानगीवाचून कायमची विकत घेण्यास बंदी केली. मात्र सावकार यादीतील एखाद्या माणसाच्या नावे जमीन घेऊन वहिवाट स्वतःकडे ठेवी. या बेनामी व्यवहारांनी कायदा आतून पोखरून टाकला.

रोहतक जिल्ह्यातील गढी सांपला या गावी २४ नोव्हेंबर १८८१ रोजी एका जाट शेतकरी कुटुंबात छोटूराम यांचा जन्म झाला. मूळ नाव रामरिछपाल. पण घरातील धाकटा म्हणून पडलेले ‘छोटू’ हेच नाव पुढे रूढ झाले. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलेल्या वडिलांना सावकाराने आधी पंख्याची दोरी ओढायला सांगितली, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून आवर्जून येतो. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून १९०५ साली ते पदवीधर झाले आणि आग्र्याला कायद्याची परीक्षा देऊन काही काळानंतर रोहतकला वकिली करू लागले. आर्यसमाजाचे संस्कार, जाट मुलांसाठी काढलेली शाळा आणि १९१६ साली सुरू केलेले ‘जाट गॅझेट’ हे उर्दू साप्ताहिक या तिन्ही गोष्टींतून त्यांचे सार्वजनिक जीवन घडले. याच पत्रातील ‘बेचारा जमीनदार’ या लेखमालेत शेतकऱ्याच्या हलाखीचे वर्णन तर आहेच, पण त्याला बोलायला आणि शत्रू ओळखायला शिकण्याचे कळकळीचे आवाहनही आहे. काही वर्षे ते रोहतक जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९२० मध्ये असहकाराचा ठराव झाल्यावर त्यांनी काँग्रेस सोडली आणि पुढे १९२३ मध्ये पंजाबातील मुसलमान नेते फजल-इ-हुसेन यांच्यासह युनियनिस्ट पक्षाच्या उभारणीत भाग घेतला. पश्चिम पंजाबातील मुसलमान जमीनमालक, मध्य पंजाबातील काही शीख आणि आग्नेयेकडील हिंदू जाट यांना धर्माऐवजी शेतीच्या हितसंबंधावर एकत्र आणणारा हा पक्ष त्या काळात असामान्यच म्हटला पाहिजे. १९२४ ते १९२६ या काळात छोटूराम प्रांताचे मंत्री होते.

सुरुवातीला सांगितलेल्या तीन वस्तूंपैकी वहीला हात घालणाऱ्या १९३० च्या हिशेब नियमन कायद्याचे स्वरूप जवळून पाहण्यासारखे आहे. सावकाराची वही, जिला तिकडे ‘बही’ म्हणतात, बहुधा लंडे नावाच्या व्यापारी मोडणीच्या लिपीत असे. ती मात्रांवाचून लिहिलेली असल्याने लिहिणाऱ्याखेरीज इतरांना वाचणे दुरापास्त होते, आणि न्यायालयात पुरावा म्हणून तीच उघडली जाई. ऋणकोने अंगठा उठवला की मुद्दल किती आणि त्यात मिळवलेले व्याज किती, हे पुन्हा वेगळे काढता येत नसे. नव्या कायद्याने प्रत्येक ऋणकोचे खाते वेगळे ठेवणे, मुद्दल व व्याज निरनिराळे दाखवणे आणि दर सहा महिन्यांनी हिशेबाचा वाचता येईल असा उतारा ऋणकोला पाठवणे बंधनकारक केले. हे न करणाऱ्याचे व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयाने नाकारावा, अशी तरतूद होती. १९३४ च्या कर्जनिवारण कायद्याने कर्ज-तडजोड मंडळे स्थापली आणि मुंबई इलाख्यात हिंदू कायद्यानुसार पाळला जाणारा दामदुपटीचा नियम, म्हणजे मुद्दलाच्या दुपटीपेक्षा अधिक रक्कम वसूल होऊ नये हे तत्त्व, पंजाबात कायद्याच्या कलमात आणले. शिवाय त्यात आधी दिलेल्या रकमा वजा करायच्या असल्याने पंजाबचा नियम अधिक कडक होता. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी असलेला हा जुना शब्द त्या कायद्याच्या इंग्रजी पाठातही जसाच्या तसा आला आहे.

१९३७ च्या निवडणुकीत १७५ जागांच्या विधानसभेत युनियनिस्ट पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले, सर सिकंदर हयात खान पंतप्रधान झाले (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा हीच संज्ञा होती) आणि छोटूराम यांच्याकडे विकास खाते आले. त्यानंतरच्या दोन वर्षांत झालेल्या कायद्यांना खेड्यांनी ‘सोनेरी कायदे’ म्हटले आणि शहरी व्यापाऱ्यांनी ‘काळे कायदे’. सावकारांची नोंदणी व परवाना सक्तीचा झाला आणि परवान्यावाचून दिलेल्या कर्जाचा दावा चालेनासा झाला. बेनामी व्यवहार रद्दबातल ठरवण्याची सोय झाली. आणि ८ जून १९०१ पूर्वी, म्हणजे हस्तांतरण कायदा अमलात येण्याआधी, गहाण पडलेल्या जमिनी मूळ मालकाच्या कुटुंबाला परत देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला मिळाला. गहाणदाराने इतक्या वर्षांत मुद्दलाच्या दुप्पट उत्पन्न घेतले असेल, तर जमीन मोबदल्यावाचून परत करायची, हे या कायद्याचे सूत्र होते. आजोबांनी गहाण टाकलेली जमीन नातवाने पुन्हा नांगरावी, एवढा साधा अर्थ त्या कलमाला होता.

१९३९ चा शेतमाल बाजार कायदा मात्र या साऱ्यांत अधिक दूरदर्शी होता. मंडीत माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशांतून तोलाई, हमाली, आडत आणि कडता तर कापला जाईच. पण धर्मादा, गोशाळा आणि पाठशाळा यांच्या नावाने होणारी कपातही त्याच्याच माथी मारली जाई. भाव आडत्या आणि खरीददार कापडाखाली बोटे धरून ठरवत. महाराष्ट्रात हत्ता पद्धत म्हणून ओळखली जाणारी रीत ती हीच. नव्या कायद्याने प्रत्येक अधिसूचित बाजारासाठी समिती नेमली, तिच्यात दोन तृतीयांश जागा उत्पादकांना दिल्या आणि बेकायदा कपातींना मनाई केली. १९४१ मध्ये वजनमापांचाही कायदा झाला. बाजारनियमनाची कल्पना मुळात वऱ्हाडातील १८९७ च्या कापूस व धान्य बाजार कायद्यातून पुढे आली होती. परंतु शेतकऱ्याला समितीत बहुमत देऊन ज्या तराजूने त्याची फसवणूक होत होती त्याच्यावरच त्याला देखरेखीचा हक्क देणे, हे पंजाबच्या कायद्याचे मोठे काम होते.

या कार्याची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘शेतकरी’ कोण, हे या सर्व राजकारणात जातीने ठरत होते, कामाने नव्हे. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणारे चमार आणि इतर दलित यादीबाहेर राहिले, त्यामुळे पैसा साठवूनही त्यांना शेतजमीन घेणे दुरापास्त झाले. उलट यादीतील बडा जमीनमालक स्वतःच सावकारी करी आणि ऋणकोची जमीन राजरोस विकत घेई. कुळांसाठी युनियनिस्ट पक्षाने फारसे काही केले नाही, कारण पश्चिमेकडील मोठे जमीनमालक हाच त्याचा कणा होता. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीला दिलेली साथ, १९३७ मध्ये मिळालेली ‘सर’ ही पदवी आणि गव्हर्नराशी राखलेले सौहार्द यांमुळे राष्ट्रीय चळवळीतील अनेकांनी छोटूरामांना सरकारचे हस्तक मानले. हा आरोप पुरेसा न्याय्य नाही, कारण युद्धकाळात गव्हाच्या भावावर कमाल मर्यादा घालण्याच्या केंद्र सरकारच्या धोरणाला त्यांनीच ठामपणे विरोध केला होता.

१९४४ साली जिनांनी पंजाबचे मंत्रिमंडळ मुस्लिम लीगच्या नावाखाली आणण्याचा आग्रह धरला, तेव्हा सिकंदर हयात यांच्यानंतर पंतप्रधान झालेले खिज्र हयात तिवाना यांच्या मागे छोटूराम खंबीरपणे उभे राहिले. भाक्रा धरणासाठी बिलासपूर संस्थानाशी चाललेल्या वाटाघाटी हे त्यांचे शेवटचे मोठे काम. ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोरला त्यांचे निधन झाले. १९४६ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाची धूळधाण उडाली, आणि त्यानंतरच्या वर्षी प्रांतच दुभंगला. शेतीच्या हितसंबंधावर बांधलेली हिंदू-मुसलमान एकजूट धर्माच्या लाटेपुढे टिकली नाही, पण ती दोन दशके टिकली होती, हे पंजाबच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

जातीच्या यादीवर उभा असलेला १९०० चा कायदा स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेशी विसंगत ठरून १९५१ मध्ये रद्द झाला. बाजार समिती मात्र राहिली. पंजाबने १९६१ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६३ मध्ये तिच्यासाठी नवे कायदे केले. २०२० मध्ये या समित्यांच्या आवाराबाहेरील व्यापार मुक्त करणाऱ्या केंद्रीय कायद्याला विरोध करीत शेतकरी दिल्लीच्या वेशीवर ज्या ठिकाणी वर्षभर बसले, त्यांपैकी टिकरी हे ठिकाण सांपल्याकडे जाणाऱ्या रोहतक रस्त्यावरच आहे.