विद्यालय आणि कारखाना यांमधील पायरी : महाराष्ट्रातील सुशिक्षित उद्योजकतेच्या प्रारंभाचा विचार

१

महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्ग उद्योगधंद्यांत मागे का राहिला, या प्रश्नाची चर्चा जवळजवळ सव्वाशे वर्षे चालू आहे. तिच्यात दोन उत्तरे वारंवार पुढे येतात. एक उत्तर असे की, मराठी विद्यार्थ्याची वृत्तीच नोकरीची आहे; धोका पत्करण्याचे धाडस त्याच्या अंगी नाही. दुसरे उत्तर असे की, वृत्ती होती पण भांडवल नव्हते. ही दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. पहिल्याने दोष विद्यार्थ्यावर जातो, दुसऱ्याने परिस्थितीवर. आणि दोन्ही प्रकारांत शिक्षणसंस्था मात्र विचाराबाहेर राहतात.

इ. स. १८९० च्या आसपासपासून पहिल्या महायुद्धानंतरच्या पहिल्या वर्षांपर्यंतचा काळ या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. या काळात शिक्षण घेतलेल्या काही व्यक्तींनी अल्प साधनांनिशी धंदे सुरू केले आणि त्यांतले काही टिकले. त्यांचे वृत्त जवळून पाहिले असता असे दिसते की, निर्णायक ठरली ती केवळ वृत्ती नव्हे व केवळ भांडवलही नव्हे. विद्यालय आणि कारखाना यांच्यामध्ये उभे राहण्यास एक पायरी लागते. ती जेथे होती तेथे विद्यार्थी कारखानदार झाला. या पायरीचे स्वरूप काय होते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

प्रथम विद्यालयांकडे पाहू गेल्यास त्यांचा हेतू ध्यानात घ्यावा लागतो. पुण्यास १८५४ मध्ये सुरू झालेला अभियांत्रिकी वर्ग सार्वजनिक बांधकाम खात्यास दुय्यम दर्जाचे नोकर मिळावेत म्हणून निघाला. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था १८८७ मध्ये स्थापन झाली, तेव्हा मुंबईतील कापडगिरण्यांचा व्याप वाढला होता आणि त्यांना यंत्रज्ञ व तंत्रज्ञ हवे होते. म्हणजे एका संस्थेतून बाहेर पडणाऱ्यास सरकार गिऱ्हाईक होते, दुसरीतून बाहेर पडणाऱ्यास गिरणीमालक. जी विद्यालये नोकर घडविण्यासाठीच काढली गेली त्यांतून नोकर निघाले, यात विद्यार्थ्यांच्या स्वभावाविषयी काही सिद्ध होत नाही.

न्यायमूर्ती रानडे यांना ही उणीव जाणवली होती. १८९० मध्ये पुण्यास भरलेली औद्योगिक परिषद आणि त्याच वर्षी स्थापन झालेली पश्चिम भारताची औद्योगिक संघटना यांमागे त्यांची प्रेरणा होती. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान देताना त्यांनी युरोपीय अर्थशास्त्राचे सिद्धान्त या देशास जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हा विचार मांडला. या प्रयत्नांनी सुशिक्षितांच्या मनात उद्योगाविषयी आस्था निर्माण केली, हे निःसंशय. परंतु आस्था आणि उत्पादन यांमधील अंतर परिषदेने तुटत नाही. व्याख्यान ऐकून घरी गेलेल्या पदवीधराने दुसऱ्या दिवशी सकाळी नेमके काय करावयाचे, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

३

हा प्रश्न एका व्यक्तीने कसा सोडविला, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्रावरून कळते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. रंग ओळखण्यात त्यांच्या दृष्टीत दोष आढळल्याने रंगकाम त्यांना सोडावे लागले. रेखन मात्र साधले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत यांत्रिक रेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून ते नोकरीस लागले. या नोकरीतील खरी प्राप्ती पगाराहून वेगळी होती. शिकविता शिकविता त्यांना संस्थेची कार्यशाळा खुली झाली आणि यंत्र कागदावर उतरविणाऱ्या माणसास ते हाताळावयासही मिळाले.

नोकरी चालू असतानाच त्यांनी बेळगावास वडील बंधू रामूअण्णा यांच्या साह्याने सायकलींचा व्यापार आरंभिला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात, रामूअण्णांनी त्या विकाव्यात आणि घेणाऱ्यास चालविण्यासही शिकवावे, अशी ही व्यवस्था होती. पदोन्नतीच्या वेळी आपल्याला डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास जागा दिल्याचे पाहून त्यांनी राजीनामा दिला. या प्रसंगाचे वर्णन बहुधा स्वाभिमानाची कथा म्हणून केले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. राजीनामा देते वेळी परतण्याजोगे एक दुकान, विक्री जाणणारा एक भागीदार आणि थोडीबहुत गिऱ्हाइकी त्यांच्यापाशी होती. स्वाभिमान दुखावलेले शिक्षक त्या काळी अनेक असतील; दुकान असलेले थोडे होते.

बेळगावच्या लहानशा कारखान्यात प्रथम कडबा कापण्याची यंत्रे आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाले. नांगराचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिल्या नांगरांना सुमारे दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही. या दोन वर्षांत कारखाना जगला तो नांगरावर नव्हे, अन्य मालाच्या विक्रीवर. नव्या वस्तूस बाजार स्वीकारीपर्यंतचा काळ कोणी तरी सोसावा लागतो. येथे तो जुन्या धंद्याने सोसला.

पुढे बेळगाव नगरपालिकेच्या योजनेसाठी कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकानजीक जमीन दिली आणि कर्जही दिले. लक्ष्मणराव तत्पूर्वी औंध येथील एका बांधकामाचे काम करीत होते. म्हणजे धनकोने ऋणकोचे काम प्रत्यक्ष पाहिलेले होते. तारण म्हणून मालमत्तेपेक्षा केलेल्या कामाचा अनुभव येथे अधिक उपयोगी पडला. १० मार्च १९१० रोजी वसाहतीस आरंभ झाला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी उपलब्ध करून दिल्या. १९२० मध्ये धंद्याचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले.

४

किर्लोस्करांची पायरी बव्हंशी कुटुंबाने बांधली. ती सार्वजनिक रीतीने बांधण्याचा प्रयत्न तळेगाव दाभाडे येथे झाला. प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योगांस साह्य करावे, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला आणि स्वदेशी चळवळीच्या काळात ती फोफावली. १९०८ मध्ये, ज्या वर्षी टिळकांना मंडालेस पाठविण्यात आले त्याच वर्षी, पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावास सुरू झाला. जपान व अमेरिका येथे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे चालक होते.

कारखान्यासाठी काचेची निवड झाली, यामुळे प्रस्तुत विषयावर विशेष प्रकाश पडतो. काचेचे रसायन पुस्तकात सापडते : वाळू, सोडा आणि चुना यांचे प्रमाण प्रयोगशाळेत शिकविता येते. परंतु भट्टी एकदा पेटली की रात्रंदिवस तिची धग राखावी लागते. मूस तडकली तर आतील रस वाया जातो. नळीच्या टोकावरील गोळा कोणत्या क्षणी फुंकावा हे डोळा आणि श्वास यांनाच कळते. आणि घडविलेली वस्तू सावकाश निववली नाही तर ती आपोआप फुटते. यांतली एकही गोष्ट व्याख्यानाने येत नाही. ती शिकताना नासधूस अटळ असते, आणि ती कोणाच्या खर्चाने व्हावयाची हा खरा प्रश्न असतो. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खर्चाने झाली तर पहिल्या मोडतोडीतच त्याचा धंदा बुडतो. परक्या मालकाच्या कारखान्यात धंद्याचे गुपित राखण्याकडे कल असल्याने उमेदवारास भट्टीपर्यंत पोहोचू दिले जात नाही. तळेगावास ही नासधूस हजारो लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून सोसली गेली. पैसा फंडाचे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे.

नफ्याच्या मोजपट्टीने तळेगावचा कारखाना कधीच फार मोठा ठरला नाही. आयात मालाची स्पर्धा तीव्र होती आणि भांडवल तुटपुंजे होते. परंतु कारखाना व शाळा एकाच छपराखाली असल्याने त्याचे खरे उत्पादन बाटल्या आणि चिमण्या एवढेच नव्हते. तेथे शिकलेली माणसे पुढे देशातील इतर काच कारखान्यांत कामास लागली. स्वतः वार्ष्णेय यांनी पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे काचधंदा उभारला. महायुद्धामुळे युरोपातील काचसामानाची आयात आटली, तेव्हा निर्माण झालेल्या संधीचा लाभ घेण्यास माहितगार हात देशात उपलब्ध होते. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काच कारखाना कराडजवळ औंध संस्थानच्याच हद्दीत निघाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे घरोघरी पोहोचला. एका लहान संस्थानाच्या आश्रयास सहा वर्षांत दोन कारखाने यावेत, हा केवळ योगायोग नव्हे. जोखीम वाटून घेणारा आश्रयदाता जेथे होता तेथे कारखानदार गेले.

५

तिसरे उदाहरण बडोद्याशी निगडित आहे. रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये तेथे कलाभवन सुरू झाले. दादासाहेब फाळके यांनी जे. जे. कलाशाळेनंतर येथेच शिक्षण घेतले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी मुद्रण व ठसेकामाचा धंदा केला, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. गज्जर पुढे मुंबईस विल्सन कॉलेजात आले. तेथे त्यांनी स्वतःची रासायनिक प्रयोगशाळा काढली; तीत विद्यार्थ्यांना धंद्यातील रासायनिक प्रश्न हाताळावयास मिळत. त्यांचे विद्यार्थी कोटिभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन यांनी परळ भागात लहान प्रमाणावर उत्पादन आरंभिले. त्यातूनच १९०७ मध्ये एलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी राहून बडोदे येथे स्थिरावली. येथे प्राध्यापक, विद्यार्थी आणि बाजार हे तिन्ही एका प्रयोगशाळेत भेटले. गज्जर विद्यार्थ्यांना धंदा करा असे सांगून थांबले नाहीत. ते स्वतः धंद्यात उतरले.

६

तिन्ही उदाहरणांत तीन गोष्टी समान आढळतात. पहिली, प्रत्यक्ष उत्पादन चालू असलेल्या ठिकाणी विद्यार्थ्याचा प्रवेश. दुसरी, शिकण्याच्या आणि बाजार मिळविण्याच्या काळातील तोटा सोसणारा कोणी तरी : कधी जुने दुकान, कधी लोकनिधी, कधी संस्थानिक. तिसरी, विक्रीची जाण. तिसऱ्या गोष्टीकडे सुशिक्षितांनी सर्वांत कमी लक्ष दिले. रामूअण्णांचे नाव लक्ष्मणरावांच्या मानाने क्वचितच घेतले जाते, हे त्याचेच द्योतक आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इतिहासाला टिकलेल्या धंद्यांची नावे ठाऊक असतात. बुडालेल्यांची दप्तरे राहत नाहीत. स्वदेशीच्या काळात निघून बंद पडलेल्या उद्योगांचा अभ्यास झाल्यावाचून वरील तीन गोष्टी पुरेशा होत्या असे म्हणता येणार नाही. त्या आवश्यक होत्या, एवढेच म्हणता येईल.

स्वातंत्र्यानंतर या पायरीची जबाबदारी शासनाकडे आली. प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये ग्रामोद्योग व लघुउद्योगांविषयी अहवाल दिला. महाराष्ट्रात १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि जमीन, पाणी, वीज यांची सोय होऊ लागली. प्रशिक्षणाच्या क्षेत्रात मात्र वृत्तीचा सिद्धान्त नव्या वेषात परतला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या साह्याने काकीनाडा येथील ५२ व्यक्तींवर प्रयोग केला. सिद्धिप्रेरणा प्रशिक्षणाने वाढविता येते आणि तिच्यामुळे उद्योगशीलता वाढते, असा निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला गेला. पुढील उद्योजकता-विकास कार्यक्रमांवर त्याची छाप पडली. परंतु काकीनाड्याचे प्रशिक्षणार्थी बहुतांशी आधीच व्यापारधंद्यात असलेले लोक होते. दुकान, ओळखी आणि पत ही त्यांच्यापाशी अगोदरच होती. प्रेरणेस धरावयास काही तरी होते. तो निष्कर्ष नुकत्याच पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यास लावताना मधली पायरी गृहीत धरली जाते, आणि नेमकी तीच त्याच्यापाशी नसते.

७

महाराष्ट्रात १९८८ पासून उद्योजकता विकासासाठी स्वतंत्र केंद्र आहे आणि अनेक विद्यापीठांत हा विषय अभ्यासक्रमात आलेला आहे. या प्रयत्नांचे मूल्यमापन करताना किती विद्यार्थ्यांनी व्याख्याने ऐकली, याहून वेगळे प्रश्न विचारावे लागतील. विद्यार्थ्याच्या हातून कोणत्या भट्टीवर किती माल फुकट गेला? तो कोणाच्या खात्यावर पडला? आणि पहिले गिऱ्हाईक त्याला कोणी मिळवून दिले? तळेगावच्या चालकांना या प्रश्नांची उत्तरे देता आली असती. ज्या विद्यापीठास ती देता येत नाहीत, त्याने विद्यार्थ्यांच्या वृत्तीस दोष देण्यापूर्वी स्वतःच्या रचनेकडे पाहणे इतिहासाच्या पुराव्यास धरून होईल.