नगरच्या मंडळीचे देशी पाळक

आपल्या ज्ञातीतील विद्वान, कारभारी, वैद्य व वकील यांची चरित्रे या स्मरणिकेत वेळोवेळी छापली गेली आहेत. परंतु जे ज्ञाती सोडून गेले, अथवा ज्यांना ज्ञातीने सोडले, त्यांच्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. यंदा चिटणिसांनी लेख मागितला तेव्हा आम्ही मुद्दाम हाच विषय हाती घेतला. धर्मांतर योग्य की अयोग्य हा वाद आम्हांला येथे करावयाचा नाही. ब्राह्मण कुळात जन्मलेले काही गृहस्थ ख्रिस्ती मंडळीचे पाळक झाले व त्यांनी ते काम कसे केले, एवढेच वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

अमेरिकन मिशनरी मुंबईस इ. स. १८१३ मध्ये आले आणि अहमदनगरास, म्हणजे सांप्रतच्या अहिल्यानगरास, त्यांनी १८३१ च्या अखेरीस ठाणे घातले. शाळा निघाल्या, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ पत्र निघाले. पण व्यासपीठावर उभा राहून उपदेश करणारा व प्रभुभोजन वाढणारा पाळक गोराच असे. त्याने मराठी कितीही घोकली तरी ऐकणाऱ्यांना ती पुस्तकी वाटावी हे स्वाभाविक होते. १८५४ साली हरिपंत रामचंद्र खिस्ते व रामकृष्णपंत मोडक या दोघांस पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. त्याच सुमारास अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. गावोगावच्या मंडळीला त्याच मातीतला पाळक असावा आणि त्याचा भार मंडळीनेच उचलावा, हा त्यांचा आग्रह. हे बोलावयास सोपे. परंतु मंडळीतील बहुतेक माणसे खेड्यांतील महार, थोडी मांग, सगळीच हातावर पोट असलेली. त्यांची वर्गणी पैशापेक्षा धान्यानेच अधिक यावयाची. दुष्काळाच्या साली तीही कोठून येणार?

येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या काळी महाराची सावली टाळण्याकरिता माणसे वाट वाकडी करीत, त्या काळी खिस्ते आणि मोडक त्याच लोकांच्या मुलांना बाप्तिस्मा देत, त्यांची लग्ने लावीत, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करीत आणि प्रेताबरोबर दफनभूमीपर्यंत चालत जात. प्रभुभोजनाची भाकर व पेला तर सर्वांना एकच. व्यासपीठावरील उपदेशापेक्षा हा पेलाच ऐकणाऱ्यांच्या ध्यानात अधिक राहिला असावा असे आम्हांस वाटते. मंडळीतही जातीचा अभिमान एकाएकी नाहीसा झाला असे मात्र कोणी समजू नये. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना सोवळे सुटावयास मनाची किती ओढाताण व्हावी लागते हे ठाऊक आहेच.

दुसऱ्या बाजूचाही एक प्रसंग सांगितला पाहिजे. मुंबईस १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास होता. तो अल्पवयी म्हणून न्यायालयाने त्यास आईबापांच्या हवाली केले. आता त्याला जातीत घ्यावा की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावा असा पक्ष उचलला व त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. एका पोरासाठी सगळी मुंबई दोन तट करून भांडली. थोरला भाऊ नारायण पुढे पाळक होऊन जालन्याकडे गेला व मांग-महारांमध्ये राहून त्याने बेथेल नावाचे गाव वसविले.

आता पुन्हा नगरकडे वळू. देशी पाळक आले तरी उपदेशाचा साचा बराच काळ विलायतीच राहिला. वचन वाचावे, त्याचे मुद्दे पाडावे आणि श्रोत्यांनी मुकाट्याने ऐकावे. हा साचा मोडला तो कीर्तनाने. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी टाळ-मृदंग हाती घेऊन ख्रिस्तचरित्र गावयास आरंभ केला तेव्हा खेड्यातील माणूस आपल्या घरच्यासारखा मांडी घालून बसला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या प्रकारास आपल्या प्रतिभेचे बळ दिले. टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातील करजगावचा. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि राहुरी व नगर येथे त्यांनी सेवा केली. त्यांची पदे आजही मराठी ख्रिस्ती देवळांत गाइली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले दोघेही तेथे बसू शकत. ९ मे १९१९ रोजी ते वारले, तेव्हा तो दरबार नुकताच उभा राहत होता. वेतन सोडण्याचे हे धाडस अँडरसनच्या सगळ्या धोरणाहून आम्हांस मोठे वाटते.

एक गोष्ट आम्ही शिक्षक असल्यामुळे विशेष सांगतो. नगर जिल्ह्यातील खेड्यांत पाळक रोज पोचत नसे. तेथे मिशनच्या शाळेचा मास्तरच आठवडाभर धुळाक्षरे गिरवून घेई आणि रविवारी त्याच खोलीत उपासना चालवी. नाव पाळकाचे, राबणूक मास्तराची. हा अनुभव आमच्या पेशास नवा नाही! या मंडळ्या पुढे १९२४ साली उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत आणि १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या.

आमच्या घराण्याच्या हस्तलिखित वंशावळीत आमच्या पणजोबांच्या एका भावाच्या नावावर शाई फासलेली आहे. लहानपणी आम्ही विचारले तेव्हा आजीने, “ते गेले,” एवढेच उत्तर दिले. ते मेले असा आमचा समज झाला. पुढे शाळेच्या कामाने नगरला गेलो असता त्यांच्या वंशातील एका वृद्ध गृहस्थांची भेट झाली. त्यांच्या नाकाची ठेवण थेट आमच्या वडिलांसारखी होती. त्यांनी पाटावर बसवून जेवू घातले व घरची खुशाली विचारली. मंडळाच्या कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीत अशा शाखांना जागा द्यावी, असा ठराव गेल्या वार्षिक सभेत आम्ही मांडला होता. तो पुढील सभेवर टाकण्यात आला आहे.