मुलाच्या हातात आधी काय द्यायचे?

गेल्या रमजानमधली गोष्ट. सहरी आटोपून फज्रच्या अजानची वाट पाहत आम्ही घरातले सगळे बसलो होतो. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने अचानक विचारले, "अब्बा, मी शेजारच्या काकांच्या घरी जन्मलो असतो तर आता झोपलेला असतो, आणि गणपतीत आरती म्हटली असती. मग मी मुसलमान आहे तो माझ्यामुळे की तुमच्यामुळे?"

त्याची दादी लगेच म्हणाली, "असं बोलू नये, तोबा कर." तो गप्प झाला. मीही गप्पच राहिलो. वीस वर्षे मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो आहे. वर्गात कोणी प्रश्न विचारला की मला आनंद होतो. पण घरातल्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

या विषयावर आपल्याकडे दोन बाजू ऐकू येतात. काही शिकलेले मित्र म्हणतात, लहान मुलावर धर्म लादू नये, अठरा वर्षांचा झाला की त्याचे तो ठरवील. घरची वडीलधारी माणसे म्हणतात, माती ओली असते तोवरच आकार घेते, एकदा वाळली की काही होत नाही. हा वाद अलीकडचा आहे, तो युरोपातून आला आहे, असे दोन्ही बाजूंना वाटते. मलाही तसेच वाटत होते. नंतर काही जुनी पुस्तके पुन्हा उघडली, तेव्हा दिसले की हा वाद आपल्याच घरात नऊशे वर्षांपूर्वी झाला आहे, आणि तोही मोठ्या मोकळेपणाने.

सुरुवात इमाम गझालींपासून करू. त्यांचा काळ १०५८ ते १११२च्या आतला, म्हणजे १०५८ ते ११११. वडील लवकर वारले. जाण्यापूर्वी त्यांनी दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या हवाली केले होते. पुढे हाच अनाथ मुलगा बगदादच्या निजामिया मदरशाचा नामवंत उस्ताद झाला आणि १०९५ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, ती जागा सोडून निघून गेला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी 'अल-मुन्किज मिनद्दलाल' हे आत्मकथनपर पुस्तक लिहिले. त्यात ते सांगतात की ख्रिस्ती घरातली मुले ख्रिस्ती होतात, यहुदी घरातली यहुदी आणि मुसलमान घरातली मुसलमान, हे मी लहानपणीच पाहिले होते. प्रत्येक मूल फितरतवर, म्हणजे मूळच्या निर्मळ स्वभावावर जन्मते आणि आईबाप त्याला या किंवा त्या धर्माचे करतात, ही हदीसही त्यांना ठाऊक होती. मग ही मूळची फितरत कोणती, आणि आईबापांनी, उस्तादांनी तिच्यावर चढवलेले कोणते, हा प्रश्न त्यांना छळू लागला. ऐन तारुण्यातही न पोहोचलेल्या वयात आपल्या मनावरचे तक्लीदचे, म्हणजे ऐकून मानण्याचे, बंधन तुटले, असे ते स्वतःच लिहितात.

म्हणजे माझ्या मुलाचा प्रश्न हा ज्यांना आपण 'हुज्जतुल इस्लाम' म्हणतो त्या गझालींचाच प्रश्न होता. आणि आम्ही त्याला तोबा करायला सांगितले.

आता गंमत अशी की हेच गझाली 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये मुलाला श्रद्धा लहानपणीच द्यावी असे सांगतात. मूल ही आईबापांकडे दिलेली अमानत आहे, त्याचे मन कोणतेही कोरीव काम न झालेल्या रत्नासारखे आहे, जे कोराल ते उमटेल, असे त्यांचे म्हणणे. अकीदा आधी पाठ करून घ्यावा, अर्थ पुढे हळूहळू उलगडेल. आधी पाठांतर, मग समज, मग खात्री, असा त्यांचा क्रम. पण त्याच पुस्तकात ते असेही सांगतात की मकतबमधून सुटल्यावर मुलाला खेळू द्यावे. खेळ बंद करून सतत शिकायला बसवले तर त्याचे मन मरते, बुद्धी मंदावते आणि तो सुटकेच्या युक्त्या शोधू लागतो.

बगदादमध्ये गझालींकडे शिकलेल्यांत अंदलूसहून, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम स्पेनमधून, आलेला एक तरुण होता: अबू बक्र इब्न अल-अरबी. पुढे तो सेव्हिल शहराचा काझी झाला. (सूफी इब्न अरबी ते वेगळे, आणि नंतरचे.) या काझींचे मत उस्तादांच्या क्रमाहून निराळे होते. त्यांचे म्हणणे, मुलाला सर्वांत आधी अरबी भाषा आणि कविता शिकवावी, म्हणजे त्याला भाषा कळू लागेल. मग हिशेब शिकवावा. त्यानंतर कुरआन हाती द्यावा, म्हणजे तो समजून वाचता येईल. ज्याचा अर्थ कळत नाही ते अल्लाहचे पुस्तक अगदी कोवळ्या मुलांच्या हाती देणाऱ्या आपल्या लोकांबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला आहे. लक्षात घ्या, ही मुले अरबी बोलणाऱ्या मुलखातली होती. आपल्या मुलांबद्दल काझीसाहेब काय म्हणाले असते?

या दोन मतांचा हिशेब पुढे इब्न खल्दून यांनी मांडला. जन्म १३३२ चा, ट्युनिसमधला. तरुणपणी प्लेगच्या साथीत आईवडील गेले. १३७७ मध्ये आजच्या अल्जीरियातल्या एका किल्ल्यात राहून त्यांनी 'मुकद्दिमा' लिहिला. त्यात मुलांच्या शिक्षणावर एक प्रकरण आहे. वेगवेगळ्या मुलखांत मुलांना काय शिकवतात याची ते आधी माहिती देतात. मगरिबमध्ये, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिमेला, फक्त कुरआन आणि त्याचे लेखन-पठण. अंदलूसमध्ये कुरआनबरोबर कविता, पत्रलेखन, व्याकरण, सुलेखन. ट्युनिसकडे कुरआनच्या जोडीला हदीस. मग ते परिणाम सांगतात. नुसते कुरआनपठण केलेल्या मुलांची भाषेवर पकड बसत नाही, कारण त्या वाणीसारखे बोलणे माणसाला शक्य नाही आणि दुसरे काही त्यांनी वाचलेले नसते. अंदलूसची मुले भाषेत तरबेज होतात, पण इतर इल्ममध्ये मागे राहतात.

काझी इब्न अल-अरबींची पद्धत मांडून इब्न खल्दून म्हणतात, पद्धत खरोखर चांगली आहे, पण रिवाज तिला साथ देत नाही. का देत नाही? त्यांनी दिलेली कारणे मी पुन्हा पुन्हा वाचली. एक म्हणजे बरकत आणि सवाबची इच्छा. दुसरे कारण भीती. मूल लहान आहे तोवर ते आपल्या धाकात असते. वयात आले की ते हाताबाहेर जाईल, तारुण्याच्या लाटेत कुठेही वाहत जाईल आणि कुरआन शिकायचा राहून जाईल, म्हणून आईबाप ते हाताशी आहे तोवरच घाई करतात. मूल पुढेही शिकत राहील याची खात्री असती, तर काझींचीच पद्धत सर्वांत उत्तम ठरली असती, असे ते स्पष्ट लिहितात.

साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या या माणसाने आमच्या घराची नाडी ओळखली आहे. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की आपण बिस्मिल्लाहची रस्म करतो. मग कायदा, मग अम्मपारा, मग नाझरा. खतम झाला की मिठाई वाटतो. यात प्रेम आहे, बरकतची आस आहे. पण आत कुठेतरी तीच भीती आहे: आता नाही शिकवले तर हा आपला राहणार नाही. इब्न खल्दून या रिवाजाची टिंगल करत नाहीत. लहानपणी शिकलेले खोल रुजते आणि पुढचे सारे त्यावर उभे राहते, हे त्यांनीच लिहिले आहे. ते फक्त भीतीला भीती म्हणतात.

याच पुस्तकात थोडे पुढे आणखी एक प्रकरण आहे, विद्यार्थ्यांशी कठोर वागण्याबद्दल. धाकात आणि मारात वाढलेल्या मुलाची उमेद जाते, ते आळशी होते, खोटे बोलू लागते. मनात एक आणि बाहेर एक असे वागायला शिकते, कारण मार चुकवायचा असतो. मग हेच त्याचे वळण होते, असे इब्न खल्दून सांगतात. मुलांना मारावेच लागले तर तीन फटक्यांपेक्षा जास्त मारू नये, हा इब्न अबी जैद या फकीहांचा दंडकही ते नोंदवतात. आज शिक्षणहक्क कायद्याने शाळेत तोही एक फटका मारता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

हे प्रकरण वाचताना मला माझे मकतब आठवले. पहाटे टोपी घालून, रेहल काखेत मारून आम्ही जायचो. आमचे उस्ताद माणूस वाईट नव्हते, गरिबीत दिवस काढत होते. पण सबक पाठ नसला की छडी ठरलेली. मी काय शिकलो? सगळ्यांच्या आवाजात नुसते ओठ हलवायला शिकलो. पोट दुखते म्हणून घरी राहायला शिकलो. नववा पारा चालू असताना अब्बांना बारावा सांगितला, आणि त्यांनी खूश होऊन मला दोन रुपये दिले. अल्लाहच्या किताबच्या सबकबद्दल मी खोटे बोललो, ते छडीमुळे. नमाजची खरी गोडी मला लागली ती पुढे बीएड करताना, वसतिगृहात, जिथे मला कोणी उठवत नव्हते.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. चार्ल्स डार्विन यांनी १८७६ मध्ये कुटुंबासाठी आत्मचरित्र लिहिले. त्यात एका ठिकाणी त्यांनी म्हटले होते की मुलांच्या मनावर देवाची श्रद्धा सतत बिंबवली तर पुढे ती टाकणे त्यांना फार अवघड जात असेल. माकडाला सापाची भीती टाकता येत नाही, तसे. ते वाक्य वाचून त्यांच्या पत्नी एमा दुखावल्या. त्या श्रद्धाळू होत्या. डार्विन यांच्या मृत्यूनंतर हे वाक्य छापू नये असे त्यांनी मुलाला सांगितले, आणि १८८७ मध्ये पुस्तक निघाले ते या वाक्याशिवाय. १९५८ मध्ये नात नोरा बार्लो यांनी संपूर्ण आवृत्ती काढली, तेव्हा ते लोकांसमोर आले.

मला या प्रसंगात दोघेही खरे वाटतात. डार्विन यांची शंका गझालींच्या शंकेपासून फार दूर नाही. पण एका गोष्टीत माझे त्या बाजूशी जमत नाही. कोरे मूल कुठेच वाढत नाही. ज्या घरात धर्म नाही तिथेही मूल आईबापांचेच काहीतरी उचलते: त्यांची भाषा, त्यांचे राजकारण, पैशाकडे पाहण्याची नजर. मी मुलाला उर्दू आणि मराठी दिली तीही त्याला न विचारताच. अठरा वर्षे काहीच द्यायचे नाही म्हटले तर बाजार आणि मोबाईल ती जागा भरून काढतात. आज तर शेजाऱ्याबद्दलचा द्वेषही मुलांना कोणी न शिकवता मोबाईलवरून मिळतो.

कायद्याने यात मधली वाट धरली आहे. संविधानाच्या २८व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कोणाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर ती संमती पालकाने द्यायची. संयुक्त राष्ट्रांचा १९८९चा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचे १४वे कलम एक पाऊल पुढे जाते. विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य ते मुलाला देते, आणि आईबापांना मार्गदर्शनाचा हक्क देते. मात्र तो मुलाच्या वाढत्या समजेनुसार वापरायचा. चार वर्षांच्या मुलाचा हात धरायचा, तेरा वर्षांच्या मुलाशी बोलायचे, असा मी त्याचा अर्थ घेतो. गझालींचा 'आधी पाठांतर, मग समज' हा क्रम तरी वेगळे काय सांगतो? चूक आमची झाली. आम्ही पहिल्या पायरीवर मिठाई वाटली आणि समजेची पायरी विसरून गेलो.

इदच्या आदल्या रात्री मी मुलाला जवळ बोलावले. म्हणालो, "तुझा त्या दिवशीचा प्रश्न चुकीचा नव्हता. तू मुसलमान आहेस तो आजवर माझ्यामुळे. मी माझ्या अब्बांमुळे होतो. पुढे तू कोणामुळे असशील ते तुला शोधायचं आहे. इमाम गझालींनाही हाच प्रश्न पडला होता."

"मग त्यांनी काय केलं?"

"शोधत राहिले. शेवटी परत आले, पण स्वतःच्या पायांनी."

त्याने मान हलवली. पटले की नाही, कळले नाही.

त्यानंतर घरात एक बदल झाला आहे. मगरिबनंतर आम्ही एक रुकू अरबीत वाचतो आणि लगेच त्याचा मराठी तर्जुमा. वाचन तो करतो. न कळलेले विचारायची त्याला मुभा आहे. मला उत्तर येत नसेल तर मी तसे सांगतो आणि वहीत लिहून ठेवतो. दादी सुरुवातीला नाराज होती. आता तीही चष्मा लावून बसते, आणि परवा तिनेच विचारले, "याचा अर्थ असा आहे होय? मला साठ वर्षांत कोणी सांगितला नाही."

फज्रला मुलगा काही दिवस उठतो, काही दिवस उठत नाही. मी एकदा हाक मारतो. दुसरी मारत नाही. भीती मला अजूनही वाटते, हे कबूल करतो. पण ती त्याच्या खांद्यावर ठेवायची नाही, एवढे मी ठरवले आहे.